चेंडू नसलेला फुटबॉल

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला 'आजची कला आणि आपण' असा विषय दिला आहे. मी शाळेत चित्रकला शिकवते. एका तासात सगळी कला सांगायला गेलं की मुलांच्या हाती काहीच लागत नाही, हे मला रोज दिसतं. म्हणून आज एकाच कलावंताबद्दल बोलते.

त्याचं नाव फ्रान्सिस आलीस. जन्म १९५९, बेल्जियममधलं अँटवर्प. शिक्षणाने तो वास्तुविशारद. १९८५ साली मेक्सिकोत मोठा भूकंप झाला. त्यानंतर १९८६ मध्ये तो तिथे कामासाठी गेला आणि तिथलाच झाला. तो छोटी छोटी तैलचित्रं काढतो. शिवाय रस्त्यावर उतरून काहीतरी गमतीचं करतो आणि त्याची चित्रफीत बनवतो. तो मुसलमान नाही, भारतीयही नाही. पण त्याच्या कामातून एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो आणि तो आपलाही आहे. रस्ता, चौक, मैदान या सगळ्यांच्या जागा, असं आपण म्हणतो. मग तिथे कोणी काय करायचं, हे ठरवतं कोण?

सुरुवात साध्या गोष्टीने करू. मेक्सिको सिटीत मोठ्या चर्चच्या कुंपणाला टेकून प्लंबर, इलेक्ट्रिशियन, रंगारी कामाची वाट बघत उभे असतात. प्रत्येकाच्या पायाशी त्याच्या कामाची पाटी. आपल्याकडच्या मजूर नाक्यासारखंच समजा. १९९४ साली आलीस त्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. त्याच्या पाटीवर लिहिलं होतं, 'पर्यटक'. बघून हसू येतं. पण थोडं थांबलं की कळतं, त्याने स्वतःलाच विचारलंय: या शहरात माझं काम काय? मी यांच्यातला आहे की यांच्याकडे बघायला आलेला? बाहेरून येऊन दुसऱ्यांच्या वस्तीवर बोलणारे आपण खूप पाहिलेत. स्वतःच्या छातीवर आधी पाटी लावणारे थोडे.

त्याच काळात त्याने दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांना सोबत घेतलं. एमिलिओ रिवेरा, हुआन गार्सिया आणि एनरिके उएर्ता ही त्यांची नावं. आलीस एक लहान चित्र काढायचा. हे पेंटर पत्र्यावर, चकाकत्या रंगात, त्याचं मोठं रूप करायचे आणि करताना आपल्या मनाचे बदलही करायचे. मग ते बदल घेऊन आलीस नवं चित्र काढायचा. यात मूळ कोणतं आणि नक्कल कोणती? आपल्या गावात ज्यांच्या हाताने दुकानांची आणि ट्रकांची नावं रंगली, ते हात फ्लेक्स आल्यावर रिकामे झाले. त्यांना आपण 'आर्टिस्ट' म्हणून हाक मारायचो, पण कलावंत मानलं का, हा विचार तुम्ही करा.

१९९७ साली त्याने बर्फाची मोठी लादी मेक्सिको सिटीच्या रस्त्यांवरून ढकलत नेली. नऊ तासांहून जास्त वेळ. शेवटी लहानसा तुकडा उरला, मग रस्त्यावर नुसता ओलावा. दिवसभर घाम गाळून हाती काही न लागणाऱ्यांना यात नवीन काय दिसणार? पण त्यांची ही रोजची गोष्ट त्याने भर रस्त्यात सगळ्यांसमोर मांडली.

आता जेरुसलेमकडे जाऊ, कारण तिथे गंमत जोखमीची होते. १९४८ च्या युद्धानंतर युद्धविरामाच्या वाटाघाटीत मोशे दायान यांनी नकाशावर हिरव्या पेन्सिलने एक रेघ मारली. नकाशाचं प्रमाण एकास वीस हजार. पेन्सिलची रेघ तीन-चार मिलिमीटर जाड. म्हणजे जमिनीवर साठ ते ऐंशी मीटर. त्या जाडीखाली ज्यांची घरं आली, ती कोणाची? कागदावरची पेन्सिल जाड होती, एवढ्यावरून लोकांच्या दाराचा प्रश्न उभा राहिला.

जून २००४ मध्ये आलीसने तळाला भोक पाडलेला हिरव्या रंगाचा डबा हातात घेतला आणि शहरातून जाणाऱ्या त्या रेषेवरून तो चालत गेला. चोवीस किलोमीटर, अठ्ठावन्न लिटर रंग. मागे बारीक, वेडीवाकडी, ठिबकत गेलेली रेघ. १९६७ नंतर इस्रायलने शहराचा पूर्व भागही ताब्यात घेतला होता, त्यामुळे जमिनीवर ती जुनी रेषा पुसट झाली होती. २००४ मध्ये तर नवी भिंतही उभी राहत होती. आलीसने नंतर ही चित्रफीत पॅलेस्टिनी, इस्रायली आणि इतर देशांच्या लोकांना दाखवली आणि त्यांची मतं त्याच फितीवर ऐकवली. ती एकमेकांशी जुळत नाहीत. त्याने ती जुळवूनही घेतली नाहीत.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट बोलायची आहे. एखादा पॅलेस्टिनी तरुण असाच गळका डबा घेऊन त्या रस्त्याने निघाला असता, तर किती दूर गेला असता? युरोपात जन्मलेल्या गोऱ्या माणसाला, कॅमेरा सोबत असताना, जी खोडी जमते ती सगळ्यांना परवडत नाही. तुमच्यापैकी अनेकांना हे समजावून सांगायची गरज नाही. चौकात चार मित्र उभे राहिले की एका मुलाला 'टाइमपास करतोय' म्हणतात आणि दुसऱ्याला नाव विचारतात. मुलींना तर उभंच राहू देत नाहीत, आणि तेव्हा अडवणारे बहुतेक वेळा आपलेच असतात. म्हणून या कलेचं कौतुक करताना खेळायची मुभा कोणाला आहे, हे विसरायचं नाही.

पण मुभा नसलेले लोकही खेळतात. आलीसलाही हे दिसलं असावं. १९९९ पासून तो जगभरातल्या मुलांचे खेळ टिपतो आहे.

२०११ मध्ये त्याने काबूलमध्ये एक चित्रफीत केली. काठीने सायकलचा टायर पळवत न्यायचा खेळ आपल्या वस्त्यांमधल्या मुलांनीही खेळलेला आहे. इथे टायरच्या जागी सिनेमाचं रीळ आहे. एक मुलगा जुन्या शहराच्या उतारांवरून रीळ उलगडत पळतो, दुसरा मागून ते गुंडाळत येतो. फीत धुळीत घासते, दगडांवर ओरखडते. सप्टेंबर २००१ मध्ये तालिबानने अफगाण फिल्म संग्रहातली हजारो रिळं काबूलबाहेर नेऊन जाळली होती. जळाल्या त्या मुख्यतः प्रती होत्या. मूळ निगेटिव्ह तिथल्याच कर्मचाऱ्यांनी खोट्या भिंतीआड लपवून ठेवल्या होत्या. पकडले गेले असते तर काय झालं असतं, कल्पना करा. मित्रांनो, जाळणारे मुसलमान होते, तसे भिंत बांधणारेही मुसलमानच होते. जगाला पहिले माहीत आहेत. दुसऱ्यांची गोष्ट निदान आपल्याला तरी माहीत हवी.

२०१६ मध्ये तो मोसुलजवळच्या आघाडीवर, कुर्दी पेशमर्गा सैनिकांसोबत होता. तिथली एक छोटी फीत आहे. समोर युद्ध, आणि कॅमेऱ्यासमोर फक्त त्याचा हात, समोरच्या मातीशी जुळणारा रंग मिसळणारा. शेजारी माणसं मरत असताना रंग जुळवून काय मिळतं, असं तुम्ही विचाराल. मीही विचारते. मला एवढंच सुचतं की जिथे सगळे नेम धरून बघतात, तिथे कोणीतरी नुसतं नीट बघत होतं.

पुढच्या वर्षी, २०१७ मध्ये, मोसुलमधूनच आली 'हराम फुटबॉल'. आयसिसच्या राजवटीत फुटबॉलला बंदी होती. ढिगाऱ्यांमधल्या रस्त्यावर मुलं खेळताना दिसतात. पास देतात, अडवतात, गोल झाला की नाचतात. फक्त चेंडू नाही. तरी चेंडू कुठे आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. गोल झाला की नाही, यावर त्यांचं एकमत होतं. बंदी घालणाऱ्याने चेंडू जप्त केला. एकमेकांवरचा हा विश्वास त्याला कसा जप्त करता येणार?

आपल्यात 'हे चालतं का, ते चालतं का' यावर खूप वेळ जातो. चित्र चालतं का, गाणं चालतं का, मुलीने मैदानात धावलेलं चालतं का. प्रश्न विचारणं चुकीचं नाही. पण उत्तर देण्याचा हक्क आपण कोणाच्या हाती दिला आहे, हेही बघायला हवं. ज्यांनी मुलांचा चेंडू काढून घेतला, त्यांनीही धर्माचंच नाव घेतलं होतं.

या सगळ्या खेळांच्या चित्रफिती आलीसने स्वतःच्या संकेतस्थळावर मोफत ठेवल्या आहेत. आज रात्री फोनवर बघा. आणि उद्यासाठी एक काम देते. कागदावर आपल्या मोहल्ल्याचा नकाशा काढा. तुम्ही बिनधास्त जाता त्या जागा हिरव्या रंगवा. जिथे जाणं टाळता त्या लाल. मुलगे आणि मुली वेगवेगळे नकाशे काढतील, मग शेजारी शेजारी ठेवू. मुलींच्या नकाशात लाल आणि मुलांच्या नकाशात हिरवी, अशी एक जागा निवडू आणि तिथे सगळे मिळून एक खेळ खेळू. लगोरी चालेल, लंगडी चालेल. कोणता खेळ, ते मुलींनी ठरवायचं. खडू मी आणते.