जड आवाज भाड्याने मिळत नाही
(युवक कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'रॉक संगीत' असं छापलंय. ते वाचून मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. हसा. गोदीतला हमाल, मॅट्रिक पास, कविता करतो इथपर्यंत ठीक. पण गिटारी बडवणाऱ्या गोऱ्यांबद्दल हा काय बोलणार? दुसरा आक्षेप त्याहून जोरदार आहे आणि तो मघाशी चहा पिताना तोंडावर आला. रॉक हे कॉन्व्हेंटच्या पोरांचं खूळ. बापाच्या पैशाची गिटार, बापाच्या पैशाचं तिकीट. आपल्याकडे शाहिरी आहे, भीमगीतं आहेत, जलसे आहेत. मग हे उसनं कशाला?

या दुसऱ्या आक्षेपाचं उत्तर द्यायला मी उभा आहे.

आधी उसनं कुणी कुणाकडून घेतलं ते बघू. मिसिसिपीच्या कापसाच्या मळ्यावर राबणारा एक काळा माणूस, मडी वॉटर्स, १९४३ साली शिकागोला आला. दिवसा कागदाच्या कारखान्यात काम, ट्रक हाकणं. रात्री गुत्त्यात गाणं. गुत्त्यात पाळी संपवून आलेल्या कामगारांचा एवढा गलका, की साध्या लाकडी गिटारीचं कुणाला ऐकूच जाईना. मग त्याने विजेची गिटार घेतली. आज स्टेडियममध्ये जो आवाज छातीवर आदळतो त्याचं मूळ हे आहे. गोंगाटात राहणाऱ्या माणसाला स्वतःचं म्हणणं ऐकू घालायचं होतं.

पुढे काय झालं? गोऱ्या पोरांनी हे ब्लूज ऐकलं, वेडी झाली आणि वाजवायला लागली. त्यात काही वाईट नाही. पण लेड झेपलिनने १९६९ साली 'होल लॉटा लव्ह' काढलं तेव्हा त्यावर विली डिक्सन या काळ्या गीतकाराचं नाव नव्हतं. डिक्सनचं 'यू नीड लव्ह' मडी वॉटर्सने १९६२ सालीच गाऊन ठेवलं होतं. डिक्सनने १९८५ साली दावा लावला, तो कोर्टाबाहेर मिटला आणि मग त्याचं नाव छापायला लागले. झेपलिन मला आवडतं, हे लपवत नाही. पण रेकॉर्ड ऐकताना पाठीमागचं बारीक छापलेलं वाचायची सवय मला या प्रकरणाने लावली. मेहनत कुणाची आणि नाव कुणाचं, हा प्रश्न आपल्याला कुणी शिकवायला नको.

आता माझ्या मुद्द्यावर येतो. मुद्दा एकच आहे. मोठा आवाज वेगळा आणि जड आवाज वेगळा. मोठा आवाज भाड्याने मिळतो. जड आवाज मिळत नाही.

गोदीत स्टीलची कॉइल उचलताना कधी बघितलीय? दहा-पंधरा टनांचा डाग असतो. क्रेनवाला तो झटक्यात उचलत नाही. आधी वायररोप ताणला जातो, रोप करकरतो, सगळे दोन पावलं मागे सरतात. मग डाग जमिनीपासून वीतभर सुटतो आणि थांबतो. वजन म्हणजे काय हे त्या थांबण्यात कळतं. ओरडणं मुकादमाचं असतं, वजन कॉइलचं असतं. ब्लॅक सॅबाथ या बँडचं पहिलं गाणं ऐकलं तेव्हा मला हेच थांबणं ऐकू आलं.

हे चौघे कोण होते ते नीट ऐका. इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम शहरात ॲस्टन नावाची कामगार वस्ती आहे. चौघे तिथले. गाणारा ऑझी ऑस्बॉर्न. बाप रात्रपाळीचा टूलमेकर, आई मोटारीच्या सुट्या भागांच्या कारखान्यात. पोरगा पंधराव्या वर्षी शाळा सोडून खाटीकखान्यात लागला, मग चोरीच्या गुन्ह्यात काही आठवडे तुरुंगात राहून आला. गिटारवाला टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात होता. १९६५ साली, सतरा वर्षांचा असताना, नोकरीच्या शेवटच्या दिवशी त्याचा उजवा हात मशीनखाली गेला आणि मधल्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा. म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच.

गिटार सोडायची पाळी आली. तेव्हा कारखान्याच्या फोरमनने त्याला जँगो राईनहार्टची रेकॉर्ड आणून ऐकवली. हा जँगो जिप्सी होता, १९२८ च्या आगीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली होती, तरी तो युरोपातला नामांकित गिटारवाला झाला. आयोमीने ऐकलं आणि घरी येऊन प्लास्टिकची बाटली वितळवली. तिची टोपणं करून बोटांवर चढवली, वर चामडं चिकटवलं. दुखायचं म्हणून पातळ तारा घातल्या. पुढे तारा सैल करत खाली उतरवल्या. १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी' या अल्बमात त्या चांगल्या तीन अर्धस्वर खाली आहेत. तार सैल झाली की आवाज खाली जातो, जाड होतो, पोटातून येतो. ज्याला जग आज हेवी मेटल म्हणतं त्याच्या आवाजात हे तुटलेलं बोट आहे.

माझ्या शेजारी काम करणाऱ्या एका भावाचं बोट वायररोपात गेलं. तो कंत्राटावर होता. दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा माणूस उभा होता. त्याला कुणी रेकॉर्ड आणून दिली नाही. आयोमीची गोष्ट मी जिद्दीची गोष्ट म्हणून सांगत नाही. असल्या गोष्टी मालक लोक भिंतीवर टांगतात. मी एवढंच सांगतो, की त्या आवाजाची फी कारखान्याच्या मशीनने आधीच वसूल केली होती.

त्यांचा पहिला अल्बम एका दिवसात रेकॉर्ड झाला आणि १३ फेब्रुवारी १९७० ला बाहेर आला. पहिलंच गाणं तीन सुरांवर उभं आहे. आमच्या चाळीतल्या भीमगीत पार्टीच्या पेटीवाल्या मामांना मी ते ऐकवलं. मामांनी पेटीवर काढून दाखवलं. खालचा सा, वरचा सा आणि तिथून उतरून तीव्र मध्यम. मामा म्हणाले, "अरे, हा तर यमनातला मध्यम. पण यांनी त्याला एकटा सोडलाय, म्हणून भ्या वाटतं." युरोपातल्या जुन्या पंडितांनी सुरांच्या या अंतराला सैतानाचं नाव दिलेलं आहे. मामांनी चार मिनिटांत ते सोडवून दिलं.

त्याच वर्षी 'पॅरानॉइड' हा दुसरा अल्बम आला. त्यातलं 'वॉर पिग्ज' हे युद्ध पेटवून मागे बसणाऱ्यांवरचं गाणं आहे. शब्द बहुतेक बेसवाल्या गीझर बटलरचे. व्हिएतनाम चालू होतं. लढाई ठरवतो कोण आणि मरायला जातो कोण, हे बर्मिंगहॅमच्या कामगार पोरांना बरोबर कळत होतं. इंग्रजी कळत नसेल तर डिक्शनरी घेऊन बसा. मी तसाच बसलो.

आता नव्या अल्बमांचं बोलतो. मत माझं आहे, पटलं नाही तर भांडा.

मेटॅलिकाचा '७२ सीझन्स' १४ एप्रिल २०२३ ला आला. आमच्यातली पोरं त्या रात्री झोपली नाहीत. बारा गाणी, सत्त्याहत्तर मिनिटं. मला विचाराल तर तीस मिनिटं जास्त. प्रत्येक गाण्याला चांगलं तोंड आहे आणि प्रत्येकाला नको तेवढं शेपूट. ड्रम असे घासूनपुसून ठेवलेत की पितळी भांड्यांचं दुकान वाटतं. अपवाद शेवटच्या 'इनामोराता'चा. अकरा मिनिटांचं आहे, पण तिथे बँड थांबतो, बेस एकटा चालतो, मग वजन परत उचललं जातं. तेवढं एक गाणं गोदीत चाललं असतं.

जूडास प्रीस्टचा 'इन्व्हिन्सिबल शील्ड' ८ मार्च २०२४ चा. हाही बँड बर्मिंगहॅमकडचा. गाणारा रॉब हॅलफर्ड तेव्हा बहात्तर वर्षांचा आणि किंकाळी अजून कापून जाते. गिटारवाला ग्लेन टिप्टन याला पार्किन्सन झाल्याचं २०१८ साली जाहीर झालं. दौऱ्यावर तो पूर्ण वेळ वाजवू शकत नाही, पण या अल्बमात आहे. म्हाताऱ्यांची दया म्हणून कौतुक करत नाही. अलीकडच्या दोन-तीन वर्षांत ऐकलेल्या मेटलमध्ये मी याला पहिला नंबर देतो. कुठे रेंगाळणं नाही, काम चोख.

आपल्या देशातला ब्लडीवूड घ्या. दिल्लीचा बँड. २०१९ साली जर्मनीच्या वाकन महोत्सवात वाजवून आला. त्यांचा 'नू देल्ही' मार्च २०२५ मध्ये निघाला. गिटारीच्या भिंतीत ढोल घुसतो तेव्हा अंग उभं राहतं, हे कबूल. शब्द मात्र कधी कधी शाळेच्या भिंतीवरच्या सुविचारासारखे. आणि माझा एक प्रश्न आहे. ढोल, हलगी, संबळ ही चामड्याची वाद्यं आपल्या मुलखात कुणाच्या गळ्यात होती? ज्यांना चामड्याला हात लावायला लावलं त्यांच्या. वाजवा म्हणून बोलवायचं आणि वाजवून झालं की उंबऱ्याबाहेर जेवायला बसवायचं. अनेक वस्त्यांनी ती वाद्यं स्वाभिमानाने खाली ठेवली. आता तोच ढोल परदेशी मंचावर टाळ्या घेतो. बँडवर माझा राग नाही. पण खाली ठेवलेलं ते चामडं आपल्या पोरांनी आपल्या अटीवर उचलावं, असं मला वाटतं. चेन्नईत २०१८ च्या जानेवारीत द कास्टलेस कलेक्टिव्हने ते करून दाखवलं. गाना, रॅप आणि रॉक एकत्र, आणि बँडच्या नावातच जातीला नकार. मुंबईत आपण काय करतोय?

आता जलशाचं. कॉन्सर्टला मी मुद्दाम जलसा म्हणतो.

५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर ब्लॅक सॅबाथचा शेवटचा जलसा झाला. ॲस्टनमध्येच, चौघे वाढले त्या गल्ल्यांच्या हाकेवर. चाळीस हजारांवर माणूस. आम्ही आठ जणांनी वर्गणी काढून एका मोबाईलवर पाहिला, पहाट झाली. दिवसभर मेटॅलिका, स्लेअर, गन्स अँड रोझेस, गोजिरा असे सगळे त्यांची गाणी वाजवून सलाम करत होते. यंगब्लड नावाच्या तरुण पोराने 'चेंजेस' गायलं. मी त्याच्याकडून काही अपेक्षा धरली नव्हती, पण पोराने डोळ्यात पाणी आणलं.

मग ऑझी आला. शहात्तर वर्षांचा, पार्किन्सनने चालता येत नाही, काळ्या सिंहासनावर बसून वर आला. आवाज फाटत होता. 'ममा, आय'म कमिंग होम'ला तर सूर हातातून सुटत होता. काही मित्र म्हणाले, म्हाताऱ्याला कशाला बसवलं, रेकॉर्ड लावायची होती. मी म्हणतो, नाही. तो सूर जिथे सुटला तिथे चाळीस हजार माणसांनी धरला. रेकॉर्डमध्ये हे कुठून आणणार? डाग एकट्याला पेलत नसेल तर गँग खांदा देते. सतरा दिवसांनी, २२ जुलैला, ऑझी गेला.

त्या रात्रीची दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची. ड्रमवर बिल वॉर्ड होता. २०१२ साली बँड परत जमला तेव्हा हाच माणूस बाहेर राहिला. समोर ठेवलेल्या करारावर सही करण्यासारखं काही नाही, असं त्याने जाहीर सांगितलं होतं. '१३' हा २०१३ चा अल्बम त्याच्याशिवाय झाला, २०१७ ला संपलेला निरोपाचा दौराही. '१३' ऐकून बघा. ड्रम चुकत नाहीत, पण डुलतही नाहीत. वॉर्ड जॅझ ऐकून वाढलेला, त्याचा ठोका जरा मागे रेलून पडतो आणि त्या रेलण्यात सॅबाथचं अर्धं वजन आहे. कंत्राटाच्या कागदाने ते काढून घेतलं होतं. व्हिला पार्कला चार गाण्यांपुरतं ते परत आलं. 'वॉर पिग्ज' सुरू झालं आणि आमच्या खोलीत कुणी बोललं नाही.

पण तिकीट? सगळ्यात स्वस्त तिकीट दोनशे पौंडांच्या घरात. म्हणजे आपले वीस हजारांवर. पैसा पार्किन्सनच्या संशोधनाला आणि मुलांच्या दवाखान्यांना द्यायचा होता, हे मान्य आणि चांगलंच. तरीही खाटीकखान्यात राबणारं आजचं ॲस्टनचं पोरगं त्या मैदानाच्या भिंतीबाहेर उभं राहून ऐकत असणार. आपल्याकडे जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत कोल्डप्ले आले. तिकिटं २,५०० पासून ३५,००० पर्यंत. मंचाचे लोखंडी सांगाडे ज्यांनी खांद्यावरून नेऊन उभे केले त्यांची दिवसाची मजुरी आणि ते सगळ्यात स्वस्त तिकीट शेजारी मांडून बघा.

म्हणून जलसा हा शब्द. भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे वस्तीच्या मैदानात व्हायचे. कंदील, ढोलकी आणि समोर आपला माणूस. रॉकही गुत्त्यातून, कामगारांच्या क्लबातून तसंच निघालं. त्याला स्टेडियमच्या कुंपणात नेऊन बसवलं ते बाजाराने.

आणि एक आपल्या घरातलं बोलतो, राग आला तरी चालेल. चौदा एप्रिलला आपण डीजेची भिंत आणतो. आवाजाचं कारण सांगून आपल्यालाच पोलीस पुढे येतात, हे खरं आणि त्यात भेदभाव आहे, तेही खरं. पण ती भिंत भाड्याची आहे. सकाळी टेम्पो ती घेऊन जातो आणि वस्तीत एकाही पोराच्या बोटाला घट्टा पडलेला नसतो. त्या भाड्यातून एक बेस गिटार, एक जुना ॲम्प आणि दोन हलग्या येतात. मी दुकानात जाऊन भाव काढलाय.

पुढच्या महिन्यात आमच्या खोलीवर पहिल्या रविवारी 'पॅरानॉइड' पूर्ण ऐकू, शब्द मराठीत समजावून घेऊ, पेटीवाले मामा येतो म्हणालेत. ज्याच्याकडे हलगी असेल त्याने घेऊन या. तापवायला शेगडी मी पेटवून ठेवतो.

जय भीम.