लिंबाच्या बुंध्याशी आधी वाका

(प्रभागसंघाच्या देवळाली कॅम्प इथल्या मासिक सभेत आपल्या कृषी सखीने केलेलं बोलणं. ज्यांना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी छापत आहोत.)



मागच्या सभेत हप्ते, व्याज आणि वह्यांतच सगळा वेळ गेला, झाडांचा विषय राहून गेला. म्हणून आज आधी झाडं, मग वह्या. अध्यक्षताईंना तसं विचारून ठेवलंय.

आपल्यातल्या बऱ्याच जणी हंगामात द्राक्षाच्या बागेत कामाला जातात. भुरी, डावणी, करपा हे तुम्हाला पान उलटलं की कळतं, शिकवायची गरज नाही. पण घरी आल्यावर परसातल्या लिंबाकडे, पपईकडे त्या नजरेनं कोण बघतं? पानं पिवळी पडली की एक तर 'दृष्ट लागली' म्हणायचं, नाहीतर बागेतलं उरलेलं औषध पाण्याच्या बाटलीतून आणून मारायचं. हे दुसरं फार वाईट. द्राक्षाला फवारल्यावर तोडणीपर्यंत किती दिवस थांबायचं, याचा हिशोब असतो. परसात तो हिशोब कुठला? सकाळी फवारलं आणि संध्याकाळी त्याच कढीपत्त्याची फोडणी! शेवग्याचा पाला तर आपण भाजी म्हणून खातो. शिवाय त्या बाटलीवर लेबल नसतं. मूळ डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, हिरवा सगळ्यात सौम्य. बाटलीत ओतलं की त्रिकोण गेला, आणि पोरांच्या हाती लागलं तर ते पाणीच समजणार. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर विषबाधेनं दगावले. ती तर शेतात रोज फवारणारी माणसं होती.

तेव्हा औषधाआधी रोग ओळखू. लिंबापासून सुरुवात करते, कारण ते जवळपास प्रत्येकीच्या दारात आहे.

लिंबाच्या पानावर, काडीवर आणि फळावर खरखरीत, उठावाचे तपकिरी ठिपके आणि पानावर त्यांच्याभोवती पिवळी कडा दिसली, तर तो खैऱ्या. हा जिवाणूचा रोग आहे आणि पावसाच्या थेंबांबरोबर पानापानावर उडतो. म्हणून झाड ओलं असताना लिंबं तोडू नका, छाटणी करू नका. नागअळी पानात वेड्यावाकड्या पांढऱ्या रेघा काढते, त्या जखमांतूनही तो आत शिरतो. मे महिन्यात, पावसाच्या आधी, रोगट काड्या कापून जाळून टाकायच्या आणि लगेच बोर्डो मिश्रण फवारायचं. पावसाळ्यात उघडीप बघून महिन्याच्या अंतरानं पुन्हा. नवीन रोप घेणार असाल तर राहुरीच्या कृषी विद्यापीठाची 'साई सरबती' जात मागा. ती खैऱ्याला कागदी लिंबापेक्षा कमी बळी पडते.

एका ताईंनी मघाशी विचारलं, ठिपके पडलेलं लिंबू खायचं का? खुशाल खा. रोग सालीवर असतो, रस चांगला असतो. बाजारात मात्र भाव पडतो.

आता ज्यासाठी मी बुंध्याशी वाका म्हणते ते. पान ठीक दिसतं, पण झाड हळूहळू वाळत चाललंय. अशा वेळी जमिनीलगत खोडाला हात लावून बघा. साल फाटून डिंक येत असेल तर तो डिंक्या. आणि परसातल्या डिंक्याचं कारण बहुतेक वेळा आपली मोरीच असते. धुण्याभांड्याचं पाणी वाया जाऊ नये म्हणून आपण ते सरळ लिंबाच्या बुंध्यात सोडतो. हेतू चांगला, पण बुंध्याशी सतत ओल राहिली की जमिनीतली बुरशी सालीत शिरते. इथे फवारणीनं काही होत नाही, आधी पाणी हलवावं लागतं. खोडापासून वीतभर अंतरावर मातीचा गोल बांध घाला, त्याच्या आत पाणी जाऊ द्यायचं नाही. दुसरा बांध फांद्यांच्या घेराखाली घाला आणि पाणी या दोन बांधांच्या मध्येच द्या. अन्नपाणी घेणारी बारीक मुळं तिथेच असतात. मग रोगट साल चाकूनं खरवडून बोर्डो मलम लावा. खरवडलेली साल तिथेच टाकू नका, जाळा.

बोर्डो घरी करता येतं. 100 ग्रॅम मोरचूद 5 लिटर पाण्यात आणि 100 ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या 5 लिटर पाण्यात भिजवायचा. बादल्या प्लास्टिकच्या घ्या, लोखंडी नको. गाळून दोन्ही एकदम तिसऱ्या बादलीत ओतत काठीनं ढवळत राहायचं. छान आकाशी रंग येतो. मग स्वच्छ विळा त्यात बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, आणखी निवळी घाला. मलमासाठी तेवढाच मोरचूद-चुना, पण पाणी सगळं मिळून फक्त 1 लिटर. त्याच दिवशी वापरून संपवायचं. (म्हणून गटानं बाटल्या भरून विकायची कल्पना नको, तसा प्रस्ताव आला होता.) मोरचूद विषारी आहे. हातमोजे घाला, तोंडाला फडकं बांधा, स्वयंपाकाचं भांडं वापरू नका.

आणि हे मिश्रण आलं कुठून माहितीये? फ्रान्समधल्या बोर्डो भागातून. वाटसरूंनी द्राक्षं खुडू नयेत म्हणून तिथले बागाईतदार रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडायचे. तेवढ्याच वेलींवर डावणी नाही, हे मिलार्दे नावाच्या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं. त्यानं 1885 साली ते छापलं. चोरांसाठी केलेलं रोगावर चाललं!

आंब्याच्या किंवा लिंबाच्या पानावर काजळी बसली असेल तर बोट फिरवा. काजळी पुसली गेली तर पान आजारी नाही. वर तुडतुडे, मावा किंवा काळी माशी बसून चिकट पाणी सोडतात, त्यावर ती बुरशी वाढते. तिथे निंबोळी अर्क. अर्धा किलो निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवा, गाळून 10 लिटर करा, थोडा साबण घाला. शेवग्याच्या केसाळ अळ्या रात्री पाला खातात आणि दिवसा खोडावर घोळक्यानं बसतात. तिथेच पलित्यानं मारा, पाल्यावर काही फवारू नका. पेरूत अळ्या निघतात ती फळमाशी. गळलेली फळं रोज उचलून खोल पुरा.

पपईचं थोडं वेगळं. पान दोरीसारखं बारीक, पिवळं-हिरवं चट्टेरी आणि फळावर गोल कडी दिसली तर तो विषाणू. त्यावर औषध नाही, कोणी विकत असेल तर घेऊ नका. झाड उपटून टाका आणि नवं रोप त्याच्या शेजारी लावू नका. पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण असेल तर मात्र धीर धरा. हा ढेकूण आपल्या देशात 2008 साली कोइमतूरकडे आढळला. मग 2010 साली त्याच्यावर जगणारी बारीक गांधीलमाशी पोर्तो रिकोहून मागवून सोडली आणि तिनं तो आवरला. जहाल औषध मारलं तर आधी ही माशी मरते. पाण्याचा जोरदार फवारा मारून ढेकूण झाडून टाका, तेवढं पुष्कळ.

पुढच्या सभेला ज्यांना शंका आहे त्यांनी एक रोगट काडी आणा. पिशवीत घालून, तोंड घट्ट बांधून, नाव चिकटवून. शक्यतो त्याच सकाळची तोडलेली, आणि सोबत खोडाचा फोटो. जे मला ओळखता येणार नाही, ते मी नाशिकच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवून आणीन. आता वह्या काढा.