परिचारिकेची पहिली नोकरी आणि धर्मग्रामाचें कर्तव्य
(महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या या सभेंत गतकाळाचें गुणगान करणारे वक्ते पुष्कळ आहेत. म्हणून आम्हीं चालू काळांतला, आणि तोही घरगुती, असा एक विषय निवडिला आहे. आपल्या ज्या मुली परिचर्येचा अभ्यासक्रम पुरा करून व महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी मिळवून घरीं परततात, त्यांच्या पहिल्या नोकरीचें काय, हा तो विषय होय.

मुलगी तीन-चार वर्षें वसतिगृहांत राहते, रात्रपाळ्या करते, परीक्षा देते. बापानें त्यासाठीं कर्ज काढिलेलें असतें. क्वचित् शेताचा तुकडाही गहाण पडलेला असतो. नोंदणीचें प्रमाणपत्र हातीं येतें त्या दिवशीं घरांत पेढे वाटले जातात. पुढें मात्र एक विचित्र फेरा सुरू होतो. मोठ्या रुग्णालयांत जावें तर अनुभव किती असें विचारितात. आणि कोणीं नोकरी दिल्यावांचून अनुभव कोठून यावयाचा, हें कोणी सांगत नाहीं. असे सहा महिने गेले कीं आप्तेष्ट म्हणूं लागतात, "शिकली तेवढें पुरे, आतां लग्न उरकून टाका." एका शिकलेल्या परिचारिकेस रुग्ण येथेंच मुकतात.

संत पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायाच्या आरंभीं फिबी नामक एका भगिनीचा उल्लेख येतो. करिंथ शहराच्या किंख्रिया बंदरांतील ख्रिस्तसभेची ती सेविका. ती परक्या नगरीस निघाली, तेव्हां प्रेषितानें तिच्यासाठीं दोन गोष्टी केल्या: तिनें पुष्कळांस साह्य केलें आहे अशी साक्ष दिली, आणि तिला लागेल तें साह्य करावें, अशी तेथील बांधवांस विनंती केली. तारणासारख्या गहन विषयावर लिहिणाऱ्या पौलाला एका स्त्रीची शिफारस लिहिणें हलकें वाटलें नाहीं. मग तें आपणांस कां वाटावें?

नव्या सेविकेपुढें दार बंद असणें हें ख्रिस्तसभेसही अपरिचित नाहीं. एके काळीं धर्मभगिनींना प्रसूतीच्या कामाची मनाई होती. ऑस्ट्रेलियाहून १९२० सालीं गुंटूरला आलेल्या डॉक्टर मेरी ग्लोरी यांनीं धर्मभगिनी होऊनही वैद्यकी करण्याची परवानगी मिळविली. डॉक्टर ॲना डेंगेल यांनीं १९२५ सालीं वैद्यकीय सेवेसाठीं एक संघ स्थापिला. आणि ११ फेब्रुवारी १९३६ रोजीं रोमहून निघालेल्या आदेशानें धर्मभगिनींना सुइणीचें शिक्षण घेऊन तें काम करण्याची मोकळीक मिळाली. पुढें १९४३ सालीं मेरी ग्लोरी यांच्याच पुढाकारानें भारतांतील कॅथलिक रुग्णालयांची संघटना उभी राहिली. कोणीतरी मागें उभें राहिलें, तेव्हांच तें दार उघडलें.

आतां आईबापांस चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतों. पहिली, मूळ प्रमाणपत्रें दाखवावीं आणि परत आणावीं. तीं कोणाच्या कपाटांत ठेवूं नयेत. आमच्या माहितींतील एका मुलीस चांगली सरकारी संधि आली असतां, तिचीं कागदपत्रें एका खासगी रुग्णालयांत अडकून पडलीं होतीं व तीं सोडविण्यास पैसे मागितले गेले. संधि गेली ती गेलीच. दुसरी, नोकरी लावून देतों म्हणून पैसे मागणाऱ्या दलालास, तो परदेशचें नांव घेवो कीं मुंबईचें, उंबऱ्याच्या आंत घेऊं नये. तिसरी, पगाराचे आंकडे ठाऊक असावेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ सालच्या निर्देशानंतर केंद्र सरकारच्या समितीनें अशी शिफारस केली कीं, ५० हून कमी खाटांच्या खासगी रुग्णालयानेंही परिचारिकेस दरमहा २०,००० रुपयांहून कमी वेतन देऊं नये, आणि २०० हून अधिक खाटा असतील तेथें तें सरकारी वेतनाच्या बरोबरीचें असावें. ही शिफारस आहे, कायदा नव्हे. तरी मुलाखतीस बसणारी मुलगी अंधारांत नसावी. चौथी, पहिलीं दोन वर्षें जेथें ज्येष्ठ परिचारिका शेजारीं उभी राहून शिकवील असें ठिकाण पाहावें. एकट्या नवख्या मुलीवर रात्रीं सगळा विभाग सोंपविणाऱ्या ठिकाणीं दोन हजार जास्त मिळाले, तरी तो सौदा महागाचा. कारण तेथें चूक झाली तर ती रुग्णाच्या जिवावर बेतते.

जिल्हा रुग्णालय, जिल्हा परिषद, २०२३ सालीं परभणीस सुरू झालेलें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, यांच्या भरतीच्या जाहिरातींवर लक्ष असावें. परंतु जाहिरात निघून निकाल लागेपर्यंत मुलीनें घरीं बसून हात विसरूं नये. नोंदणीचें नूतनीकरण दर पांच वर्षांनीं करावें लागतें, हेंही ध्यानांत असावें.

आतां आपलें सर्वांचें काम. या धर्मग्रामांतील जीं माणसें पुण्यामुंबईस रुग्णालयांत नोकरीस आहेत, त्यांची यादी आम्ही कार्यालयांत ठेवणार आहों. देवगिरी एक्सप्रेसनें मुंबईस उतरणाऱ्या मुलीला पहिले आठ दिवस राहावयास घर मिळावें, आणि कोणत्या विभागांत जागा रिकामी आहे, हें सांगणारें कोणी भेटावें, इतकेंच आमचें मागणें आहे. शिफारसपत्र आम्ही लिहूं. परंतु त्यांत खोटी स्तुति लिहिणार नाहीं, कारण एक खोटें पत्र पुढच्या दहा मुलींच्या पत्रांची किंमत घालवितें. म्हणून मुलींनो, आजाऱ्याच्या उशाशीं तुमचें वागणेंच असें असूं द्या कीं आम्हांस खरें तेंच लिहितां यावें.

महोत्सवाच्या दानांतून वेदीवर नवें झुंबर लागेल तर आनंदच आहे. पण त्याच दानांतून एखाद्या मुलीच्या मुलाखतीचें रेल्वेभाडें निघालें, तर तेंही वेदीवरच वाहिलें असें आम्ही समजूं. रुग्णांचा व परिचारिकांचा आश्रयदाता संत कमिलस याच्या मध्यस्थीनें प्रभु आपल्या मुलींचे हात बळकट करो. आमेन.