गेमचा सातबारा कुणाच्या नावावर?

बारामती तालुक्यातल्या पणदऱ्यातून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय.

मागच्या बैठकीत आमच्यातल्या एकीचा हप्ता आला नाही. हप्ता फक्त 100 रुपयांचा. "खात्यावर होते गं, कुठं गेले कळंना," असं म्हणून ती मान खाली घालून बसली. दंड लावायचा का, अशी कुजबुजही झाली. मग तिचा मोबाईल उघडून पाहिला. 99 रुपये कापले गेले होते. आदल्या महिन्यातही 99, त्याच्या आदल्या महिन्यातही 99!

तिच्या आठवीतल्या पोरानं गेमसाठी म्हटलं होतं, "आई, दोनच रुपये लागतात, पिन टाक." तिनं टाकला. ते दोन रुपये पहिल्या आठवड्याचे होते. त्याच पिननं दर महिन्याला आपोआप पैसे कापायची परवानगीही दिली गेली. यालाच ऑटोपे म्हणतात. पोराला रागवायला निघालो, तर त्यालाही हे ठाऊक नव्हतं.

मैत्रिणींनो, गेम दोन तऱ्हांनी मिळतो. एक, महिन्याचं भाडं भरायचं आणि पुष्कळ गेम खेळायचे. ही खंडानं केलेली जमीन. खंड थांबला की बांधाच्या बाहेर. दुसरी, एकदाच पैसे देऊन गेम विकत घ्यायचा. हा मालकीचा वाटतो. पण सातबारा बघितला का?

पूर्वी टीव्हीला जोडायच्या गेमची कॅसेट यायची. ती आपली असायची. शेजारच्या पोराला खेळायला द्या, नाहीतर जुनी झाली की विका. आता 'विकत घ्या' हे बटण दाबलं तरी बहुतेक वेळा मिळते ती फक्त खेळायची परवानगी. फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीचा 'द क्रू' हा मोटारींच्या शर्यतीचा गेम 2014 साली आला. तो इंटरनेटशिवाय चालत नव्हता. कंपनीनं 31 मार्च 2024 ला आपले सर्व्हर बंद केले आणि पूर्ण पैसे मोजून घेतलेल्यांचाही गेम बंद पडला. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात तर 2025 पासून असा कायदाच आहे, की नुसती परवानगी विकत असाल तर गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगा.

म्हणून भाडं वाईटच, असं आम्ही म्हणत नाही. दोन एकरांच्या नांगरटीसाठी कुणी ट्रॅक्टर विकत घेत नाही. मे महिन्याच्या सुट्टीत एक महिना गेम भाड्यानं घेतला आणि मग बंद केला, तर परवडतो. पण विसरून वर्षभर चालू राहिला तर 99 चे 1188 होतात. पोरगं रोज एकच गेम खेळत असेल, तर एकदाच पैसे देऊन मिळणारा आणि इंटरनेटशिवाय चालणारा गेम बरा. घेतल्यावर नेट बंद करून तो चालतो का, हे लगेच पाहायचं.

आता कामाचं सांगतो. मोबाईलवरून गेम काढून टाकला तरी भाडं थांबत नाही. ज्या ॲपवरून तुम्ही पैसे पाठवता, त्यात 'ऑटोपे' शोधा. कुणाला किती परवानगी दिली आहे, ते तिथं दिसतं आणि तिथूनच बंदही करता येतं. प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर बोट ठेवलं की 'सबस्क्रिप्शन्स' सापडतं. तिथंही बघा. पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी मेसेज यायला हवा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मेसेज न वाचता पुसू नका. आणि पोरानं पिन मागितला की आधी विचारा, "एकदाच, का दर महिन्याला?"

आमच्या मैत्रिणीचं ऑटोपे तिच्या पोरानंच बंद करून दिलं. दंड आम्ही लावला नाही. पुढच्या बैठकीला मात्र प्रत्येकीनं मोबाईल आणायचा आहे, कारण तो पोरगाच आम्हाला सगळ्यांचं ऑटोपे उघडून दाखवणार आहे. तुमच्या गटातही असं करून बघा.