निद्रेच्या शोधातील प्रवास



“झोप येत नाही, आश्रमात राहून येऊ का?” असा प्रश्न बाह्यरुग्ण विभागात आम्हांस वारंवार विचारला जातो. पुण्याजवळील उरुळी कांचन येथे महात्मा गांधींनी १९४६ साली निसर्गोपचार केंद्र सुरू केले. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केले. अशा ठिकाणी अनेकांना शांत झोप लाभते, हे आम्ही आनंदाने मान्य करतो. मात्र तिचे श्रेय केवळ हवापालटास नाही. ठरलेल्या वेळी उठणे, सकाळच्या उजेडात चालणे, हलके भोजन, चहा-कॉफी वर्ज्य आणि रात्री लवकर मालवलेले दिवे, ही दिनचर्याच झोप आणते. घरी परतताच ती सुटली, तर लाभही ओसरतो.

निघण्यापूर्वी दोन गोष्टी अवश्य ध्यानी घ्याव्यात. झोपेत घोरताना श्वास अडत असेल आणि दिवसा डुलक्या येत असतील, तर प्रथम तपासणी करून घ्यावी. हा विकार हवापालटाने बरा होत नाही. मधुमेह, रक्तदाब वा फेफऱ्याची औषधे स्वतःहून थांबवू नयेत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांस विचारल्यावाचून उपवास करूच नये.

ज्यांना असा प्रवास परवडत नाही, त्यांनी खंत करू नये. उठण्याची एकच वेळ रोज पाळणे विनामूल्य आहे. आश्रमाची शिस्त घरी आणता येते, हेच आमचे नम्र निवेदन.