ठरावांतलें पाणी

नगरपालिकेची सभा म्हटली म्हणजे सामान्य नागरिकाच्या डोळ्यांपुढें जें चित्र उभें राहतें, तें फारसें मनोरम नसतें. लांबलचक कार्यक्रमपत्रिका, मागील सभेच्या इतिवृत्ताचें वाचन, कोणाची तरी हरकत, कोणाचें तरी समर्थन, आणि अखेरीस ‘ठराव सर्वानुमतें संमत’ हे तीन शब्द. परंतु याच रुक्ष कागदांत रस्ता, गटार, दिवा, नळ, बाजार आणि स्मशान यांचा विचार झालेला असतो. म्हणजे गांवाचें निम्मेंअधिक आयुष्य त्यांत सांठविलेलें असतें. राज्यकारभाराचीं मोठीं तत्त्वें राजधानींत ठरतात हें खरें; तथापि तीं तत्त्वें घराच्या उंबरठ्यापर्यंत पोंचलीं कीं नाहीं, याची परीक्षा नळाच्या तोटीपाशींच व्हावयाची असते.

हिंगोली शहराचेंच उदाहरण घ्यावें. अर्वाचीन काळांत हें शहर लष्कराच्या सोयीनें वाढलें. १८१९ पासून १९०३ पर्यंत येथें हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी होती. फौज गेली, परंतु पलटण, रिसाला, तोफखाना, सदर बाजार, पेन्शनपुरा हीं तिनें दिलेलीं नांवें लोकांच्या तोंडीं राहिलीं. छावणींतील रस्त्याचा आणि विहिरीचा विचार शिपायाच्या व घोड्याच्या गरजेनुसार होतो. तेथें हुकूम सुटतो आणि काम होतें. रहिवाशाला विचारण्याचा प्रसंगच येत नाहीं. नगरपालिकेची रीत निराळी. तेथें काम ठरावानें होतें, आणि ज्यांच्यासाठीं ठराव व्हावयाचा त्यांच्याच मतांनीं ठराव करणारे निवडून आलेले असतात. छावणीच्या गांवाचें नगर झालें, याचा खरा अर्थ एवढाच आहे.

हा अधिकार या भागांतील लोकांस सहजासहजीं मिळालेला नाहीं. ब्रिटिश मुलखांत लॉर्ड रिपन यांच्या सरकारनें १८८२ सालीं स्थानिक स्वराज्याचा ठराव प्रसिद्ध केला, तेव्हां हिंगोली निजामाच्या राज्यांत होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं तें राज्य भारतांत आलें, १९५६ मध्यें मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला, आणि १९६० मध्यें महाराष्ट्र राज्य निर्माण झालें. नगरपरिषदांचा महाराष्ट्राचा कायदा १९६५ चा. दिवाबत्ती, झाडलोट, आग विझविणें, पाणी पुरविणें हीं कामें त्यानें नगरपरिषदेच्या आवश्यक कर्तव्यांत घातलीं. पुढें १९९२ सालच्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें नगरपालिकांस राज्यघटनेंतच स्थान मिळालें. १ मे १९९९ रोजीं परभणी जिल्ह्यांतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, आणि छावणीचें गांव जिल्ह्याचें ठाणें बनलें. २०११ च्या जनगणनेंत शहराची लोकसंख्या ८५,१०३ भरली.

आतां या लोकसंख्येची पाण्याशीं सांगड घालून पाहावी. हिंगोलीजवळून कयाधू नदी वाहते व पुढें पैनगंगेस मिळते. परंतु तिच्या पात्रांत बारमाही भरंवशाचें पाणी नसल्यामुळें शहराची तहान पूर्णा नदीवरील सिद्धेश्वर धरणावर भागवावी लागते. हें धरण औंढा नागनाथ तालुक्यांत आहे. म्हणजे एका नदीचें पाणी दुसऱ्या नदीच्या कांठच्या शहरास नळानें आणावें लागतें. भुयारी गटारें असलेल्या शहरांत माणशीं दररोज १३५ लिटर पाणी मिळावें, असें केंद्र शासनाच्या पुस्तिकेंतील मान आहे; नळ आहेत पण भुयारी गटारें नाहींत अशा गांवीं ७० लिटर. पहिल्या मानानें ८५,१०३ लोकांस रोज सुमारें १ कोटी १५ लाख लिटर पाणी लागेल. एवढा गुणाकार शाळेंतला मुलगाही करील.

खरा अवघड हिशेब याच्या पुढचा आहे. समजा, एखाद्या शहरांत ठरल्याप्रमाणें सगळें पाणी आलें. परंतु टाकीजवळच्या अर्ध्या लोकांस माणशीं २०० लिटर मिळालें आणि दूरच्या अर्ध्या लोकांस ७०. सरासरी काढावी तर ती बरोबर १३५ येते! कागदावर मान पुरें झालें, अहवालांत कोठेंही खोटें लिहिलें गेलें नाहीं, आणि अर्धें गांव मात्र निम्म्यावरच राहिलें. याचीं कारणें साधीं आहेत. नळांतून वाहतांना पाणी नळाच्या आंतील बाजूशीं घासतें व जसजसें पुढें जावें तसतसा त्याचा जोर उणावतो. वस्ती उंचावर असली म्हणजे तो आणखी उणावतो. त्यांत वाटेंत कोणी नळास मोटार लावून पाणी ओढलें, तर शेवटच्या घरीं तोटीतून नुसती हवा येते. म्हणून सार्वजनिक सोयीचें मोजमाप सरासरीनें करून भागत नाहीं. तें शेवटच्या नळावर करावें लागतें.

हा प्रश्न केवळ चढ-उताराचा असता, तर तो इंजिनियरांनीं केव्हांच सोडविला असता. परंतु पाणी डोळ्यांसमोर असूनही तें माणसाच्या ओंजळींत येत नाहीं, असेंही घडतें. तेव्हांच्या कुलाबा व आतांच्या रायगड जिल्ह्यांतील महाड नगरपालिकेचा इतिहास या बाबतींत प्रत्येक नगरसेवकानें मनांत ठेवण्यासारखा आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबईच्या कायदेमंडळानें सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक पैशानें बांधलेले किंवा राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा यांचा उपयोग अस्पृश्य मानलेल्या लोकांस करूं द्यावा, असा त्याचा आशय होता. त्यास अनुसरून जानेवारी १९२४ मध्यें महाडच्या नगरपालिकेनें चवदार तळें सर्वांस खुलें करणारा ठराव केला. ठराव उत्तम होता, आणि त्या काळाचा विचार करतां धैर्याचाही होता. परंतु तो दप्तरांतच राहिला. तळें तेथेंच, पाणी तेंच, ठरावही संमत झालेला. आणि तरी ज्यांच्यासाठीं तो केला त्यांपैकीं कोणालाही तीन वर्षें त्या पाण्याला हात लावणें शक्य झालें नाहीं.

२० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारों अनुयायांसह शांतपणें तळ्यावर गेले व तेथील पाणी प्याले. नगरपालिकेनें जें कागदावर दिलें होतें, तेंच त्यांनीं ओंजळींत घेतलें. त्या दिवशीं परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. मागाहून १०८ घागरी दूध, दहीं, गोमूत्र इत्यादि ओतून तळ्याची ‘शुद्धि’ करण्यांत आली. त्याहून खेदाची गोष्ट अशी कीं, ४ ऑगस्ट १९२७ रोजीं, म्हणजे बोले यांच्या ठरावास बरोबर चार वर्षें पूर्ण झालीं त्याच तारखेस, नगरपालिकेनें आपला ठराव मागें घेतला! मग न्यायालयाच्या पायऱ्या आल्या. १९३१ मध्यें खालच्या न्यायालयाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूनें लागला, आणि १७ मार्च १९३७ रोजीं मुंबईच्या उच्च न्यायालयानेंही तो कायम केला. अस्पृश्यांस वगळण्याची वहिवाट अनादि कालापासून चालत आल्याचें सिद्ध होत नाहीं, असें न्यायमूर्तींनीं ठरविलें. ठरावापासून ओंजळीपर्यंतची तळ्याच्या कांठावरची वाट कायद्यानें निर्वेध होण्यास तेरा वर्षें लागलीं.

महाडच्या नगरपालिकेस १९२४ सालीं योग्य काय तें कळलें होतें. उणीव ज्ञानाची नव्हती. केलेल्या ठरावाच्या पाठीशीं उभें राहण्याच्या निश्चयाची होती. ठराव करण्यास हात वर करावा लागतो. तो अमलांत आणण्यास पाय रोवून उभें राहावें लागतें.

असें एकट्यानें उभें राहणारे सभासदही महाराष्ट्रांत होऊन गेले. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळांत पुणें नगरपालिकेचे सभासद होते. १८८० सालीं गव्हर्नर जनरल लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठीं १,००० रुपये खर्चण्याचा विषय आला. बत्तीस सभासदांत जोतीराव तेवढे एकटे त्याच्या विरुद्ध गेले. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावावा, असें त्यांचें म्हणणें होतें. बहुमतापुढें त्यांचें चाललें नाहीं. तथापि, कराचा रुपया प्रथम कोणाच्या दारीं जावा, हा प्रश्न त्यांनीं सभागृहांत कायमचा मांडून ठेवला, आणि कमान कीं कंदील, कारंजें कीं नळ, असा वाद जेथें जेथें निघतो तेथें तो आजही उत्तर मागतो.

आजच्या नगरपरिषदेंत तें उत्तर देण्यास पूर्वीपेक्षां अधिक योग्य माणसें बसतात. २०११ पासून महाराष्ट्रांतील स्थानिक संस्थांतल्या अर्ध्या जागा स्त्रियांकरितां राखीव आहेत. ज्यांच्या कमरेवर पिढ्यान् पिढ्या घागर होती, त्यांच्या हातीं आतां पाण्याचा ठराव आला आहे. उलटपक्षीं, २०२१-२२ च्या सुमारास राज्यांतील बहुसंख्य नगरपरिषदांची मुदत संपली, आणि डिसेंबर २०२५ मध्यें निवडणुका होईपर्यंत तेथील कारभार प्रशासकांकडे राहिला. त्या काळांत दिवे लागले नाहींत किंवा झाडलोट झाली नाहीं असें मुळींच नाहीं. परंतु ‘आमच्या गल्लींत पाणी कां येत नाहीं?’ असें सभागृहांत उभें राहून विचारणारा त्या गल्लीचा माणूस तेथें नव्हता. सोय हुकुमानेंही होऊं शकते, हें छावणीनें पूर्वींच दाखविलें आहे. विचारण्याचा अधिकार मात्र नगरपालिकेवांचून मिळत नाहीं.

तो अधिकार नागरिकानें मतदानाच्या दिवशीं वापरून मग पांच वर्षें खुंटीला टांगून ठेवावा, हें बरें नव्हे. सभेचा ठराव काय झाला, त्यासाठीं पैसा कोठून यावयाचा, आणि तें काम शेवटच्या घरापर्यंत केव्हां पोंचावयाचें, हे तीन प्रश्न त्यानें प्रत्येक ठरावाला विचारावे. नगरसेवकानेंही वर्षांतून एकदां तरी आपल्या प्रभागांतील शेवटच्या नळापाशीं, पाणी यावयाच्या वेळीं, हातांत रिकामी घागर घेऊन उभें राहावें. इतिवृत्तांत ‘संमत’ असें लिहिलें गेलें म्हणजे चिटणिसाचें काम संपतें; नगरपालिकेचें काम ती घागर भरल्यावर संपतें.