आपली वही आपल्या हाती
(ज्ञातिसंमेलनात झालेल्या भाषणाचा मजकूर)



व्यापारी कुटुंबांना उपयोगी पडेल असे काही बोलावे, असे चिटणिसांनी सुचविले तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. ३४ वर्षे प्राथमिक शाळेत खडू झिजविलेल्या मॅट्रिक मास्तराने संगणकावरील जमाखर्चाविषयी बोलावे, हे थोडे विपरीतच होय. परंतु गेल्या वर्षी आमच्या पुतण्यांच्या भांड्यांच्या दुकानी जे घडले ते आम्ही माळ्यावर बसून पाहिले आहे, आणि जे पाहिले तेवढेच येथे सांगणार आहोत. पुतण्यांची संमती घेतली आहे.

हे दुकान आमच्या कैलासवासी बंधूंनी १९७१ साली काढले. त्यांच्या हातच्या लाल बांधणीच्या वह्या आजही माळ्यावर आहेत. रोजकीर्द, खतावणी, उधारीची वही, सर्व काही उघडून वाचता येते. दोनचार पानांस कसर लागली आहे एवढेच. पुतण्यांनी २०१४ पासून हिशेब संगणकावर नेला. सॉफ्टवेअर एका विक्रेत्याकडून घेतले होते. एके दिवशी संगणकाची डिस्क निकामी झाली. हिशेबाची नक्कल पेनड्राइव्हवर होती; परंतु नव्या संगणकावर सॉफ्टवेअर परवान्याची किल्ली मागू लागले, आणि किल्ली देणारा विक्रेता धंदा आवरून कधीच निघून गेला होता. बंधूंची १९७१ सालची वही उघडत होती. मुलांची मागल्या वर्षीची उघडेना.

त्याच वर्षी दोघा भावांनी वेगळे होण्याचे ठरविले होते. धाकट्याच्या तोंडून एक शब्द निघून गेला की, वही बरी नेमकी आताच बंद पडली! थोरला दोन दिवस जेवला नाही. पुढे आम्ही तिघांनी बिले आणि बँकेचे उतारे जुळवून दोन महिन्यांत हिशेब उभा केला. तरी उधारीपैकी ३८ हजार रुपये कोणाकडून येणे आहेत, ते काही केल्या ठरेना. थोरल्याने ती रक्कम आपल्या वाट्यावर घेतली. वेगळे होणे तूर्त राहिले. मात्र दोघांनीही एकच अट घातली : यापुढील वही अशी हवी की जिची किल्ली परक्याच्या हाती नसेल, आणि जी दोघांनाही आपापल्या जागेवरून पाहता येईल.

थोरल्याचा मुलगा, म्हणजे आमचा नातू, तंत्रनिकेतनात शिकतो. त्याने ‘मुक्तस्रोत’ सॉफ्टवेअरचे नाव काढले. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली आणि पुढे त्यातूनच एक परवाना जन्मास आला. त्या परवान्याखालील सॉफ्टवेअर कोणीही चालवावे, त्याची घडण वाचावी, बदलावी, दुसऱ्यास द्यावी. मात्र देताना आपल्याला मिळालेले हे हक्क त्यालाही द्यावे लागतात. ‘फुकट’ या एका शब्दात हे सारे बसत नाही. असे व्यवसायाचे सॉफ्टवेअर आपल्या मुंबईतही तयार होते, त्याचे नाव ईआरपीनेक्स्ट. ऋषभ मेहता यांनी घरच्या फर्निचरच्या व्यवसायाच्या गरजेतून त्याचा आरंभ केला, आणि त्यांची फ्रापे ही संस्था ते सांभाळते. बेल्जियममधील ओडू नावाचे सॉफ्टवेअरही नातवाने पाहिले होते. परंतु त्यातील पूर्ण हिशेबाचा भाग सशुल्क आवृत्तीत आहे असे कळल्यावर तो विचार मागे पडला.

आता हे सॉफ्टवेअर बसवावयाचे कोठे? सर्व्हर म्हणजे रात्रंदिवस जागा राहणारा संगणक. आमच्या गावी विजेचा भरवसा किती, हे येथे बसलेल्यांस सांगावयास नको. म्हणून मुंबईतील एक सर्व्हर मासिक भाड्याने घेतला. जागा भाड्याची खरी, परंतु आत ठेवलेली तिजोरी आपली, असा हा प्रकार. त्यावर उबंटू नावाची मुक्तस्रोत कार्यप्रणाली होती. काटकसर म्हणून नातवाने २ जीबी स्मृतीचे यंत्र घेतले आणि ती चूक पहिल्याच दिवशी भोवली. पडद्यावर ओळींमागून ओळी धावत होत्या. मध्येच सर्व थांबले आणि ‘किल्ड’ एवढा एकच शब्द उमटला. आम्ही घाबरून विचारले, “अरे, कोण मेले?” नातू म्हणाला, “आजोबा, स्मृती पुरली नाही, म्हणून यंत्राने काम मारून टाकले.” दुसऱ्या दिवशी ४ जीबीचे यंत्र घेतल्यावर तीच पायरी सुखरूप पार पडली.

बसविण्याचा क्रम आम्ही वहीत उतरवून घेतला होता. प्रथम कामापुरता एक साधा वापरकर्ता निर्माण करावयाचा. सर्वाधिकारी ‘रूट’च्या नावाने हे काम करू नये. मग मारियाडीबी, म्हणजे जेथे सर्व नोंदी राहतात ते कोठार. (त्याचे कर्ते मायकेल विडेनियस यांनी आपल्या पहिल्या कोठारास थोरल्या मुलीचे ‘मी’ हे नाव जोडून मायएसक्यूएल म्हटले, आणि दुसऱ्यास धाकट्या मारियाचे नाव दिले. लेकींच्या नावाने दुकान काढणारे लोक आपल्यातही आहेतच.) त्यानंतर रेडिस आणि नोड ही साहाय्यक साधने, आणि मग ‘बेंच’. बेंच म्हणजे सुताराचे काम करावयाचे बाक. त्यावर फ्रापेचा मूळ सांगाडा मांडावयाचा, ईआरपीनेक्स्ट आणावयाचे, आपली ‘साइट’ निर्माण करावयाची आणि तिच्यात ते बसवावयाचे. येथे पुन्हा अडले. सांगाडा पंधराव्या आवृत्तीचा आणि ईआरपीनेक्स्ट चौदाव्या आवृत्तीचे असे झाले होते. एका कुलपास दुसऱ्याची किल्ली लावावी तसा तो प्रकार. दोन दिवस त्यातच गेले. नातवाची गाडी घसरली ती घाईने, अज्ञानाने नव्हे. दोन्हींची आवृत्ती एकच घ्यावी हे सूचनेत स्पष्ट लिहिलेले होते. सूचना शेवटपर्यंत न वाचता उदाहरण सोडविणारी मुले आम्ही जन्मभर पाहिली आहेत.

जीएसटीसाठी ‘इंडिया कम्प्लायन्स’ हा वेगळा भाग जोडावा लागला. पुढे दारवान म्हणून एनजिनएक्स, बंद पडलेले काम पुन्हा उठविणारा सुपरवायझर, आणि जातायेता नोंदी कोणी वाचू नयेत म्हणून लेट्स एन्क्रिप्टचे विनामूल्य प्रमाणपत्र, हे एका संध्याकाळी आटोपले. प्रमाणपत्राचे नूतनीकरण आपोआप होते की नाही, यावर मात्र लक्ष ठेवावे लागते.

यानंतरचे काम नातवाचे नव्हते, पुतण्यांचे होते. सॉफ्टवेअर प्रथम देश, चलन, पेढीचे नाव, आर्थिक वर्ष आणि खात्यांची मांडणी विचारते. व्यवहार एकदा नोंदले गेले की पेढीचे चलन बदलता येत नाही. तेव्हा ‘पुढे पाहू’ म्हणून चालत नाही. मग आरंभीच्या शिलका. त्यांसाठी ‘टेम्पररी ओपनिंग’ नावाचे तात्पुरते खाते असते. प्रत्येक खात्याची शिल्लक त्याच्या समोर मांडावयाची आणि सर्व मांडून झाल्यावर त्या खात्यात शून्य उरले पाहिजे. आमच्या येथे १,२४० रुपये उरत होते. धाकटा म्हणाला, “तात्या, सोडा ना, बाराशेंनी काय होते?” आम्ही सोडले नाही. तिसऱ्या दिवशी एका ठोक व्यापाऱ्याचे परत केलेल्या तांब्याच्या घागरींचे बिल सापडले आणि शून्य आले. त्या वेळी दोघे भाऊ एकाच खुर्चीवर अर्धे अर्धे बसले होते, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो.

या सॉफ्टवेअरमधील आम्हांस सर्वांत पसंत पडलेली गोष्ट अशी : कायम केलेल्या पावतीतील रक्कम मागाहून गुपचूप बदलता येत नाही. चूक झाली तर ती पावती रद्द करावी आणि दुरुस्त पावती नव्याने करावी; रद्द झालेली तशीच दिसत राहते आणि कोणाच्या नावाने ती रद्द झाली हेही दिसते. आमचे बंधू चुकीच्या आकड्यावर एक आडवी रेघ ओढून खाली सही करीत, खाली काय होते ते वाचता आले पाहिजे म्हणत. दोघा पुतण्यांस वेगवेगळी नावे आणि वेगवेगळे परवलीचे शब्द दिले आहेत. प्रथम थोरल्यास त्यात अविश्वास वाटला. आम्ही म्हणालो, “बाबा, हे तुझ्याच रक्षणासाठी आहे. मागल्या खेपेस तुझ्याजवळ दाखवावयास काय होते?” मग तो काही बोलला नाही.

राहता राहिली नकलेची बाब, आणि आमच्या मते येथेच बहुतेकांचे घर बसते. हे सॉफ्टवेअर नक्कल काढते, परंतु मुळात ती त्याच सर्व्हरवर ठेवते. घर जळाले तर आतील तिजोरीही जळणार! म्हणून रोजची नक्कल दुकानातील डिस्कवर उतरते, आणि महिन्याची एक आमच्या कपाटात येते. पहिल्या महिन्यात आम्ही हट्टाने दुसऱ्या संगणकावर ती नक्कल उभी करून पाहिली. आकडे सर्व आले, परंतु बिलांची छायाचित्रे एकही आले नाही. फाइलींसह नक्कल काढण्याची आज्ञा वेगळी द्यावी लागते, ती दिलीच नव्हती. शिवाय साइटच्या मांडणीच्या फाइलीत एक सांकेतिक किल्ली असते; ती हरवली तर आत साठविलेले परवलीचे शब्द उलगडत नाहीत. तीही आता नकलेसोबत येते.

परवलीचे शब्द कागदावर लिहून, लाखेने बंद केलेले दोन लिफाफे केले आहेत. एक आमच्याकडे आहे. दुसरा कोणाकडे ठेवावा यावर बराच खल झाला, आणि शेवटी तो धाकट्या सुनेकडे ठेवावा असे थोरल्यानेच सुचविले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नक्कल उभी करण्याची तालीम आता तीच घेते. नातू परीक्षेच्या गडबडीत असला तरी काम अडत नाही. ज्या ज्ञातिबांधवांना ती पाहावयाची असेल त्यांनी सकाळी दहाच्या सुमारास दुकानी यावे. जिना अरुंद आहे, तेवढे सांभाळून चढावे.